गोव्यातली लूथरन मंडळी: नव्याने येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

रविवारची उपासना संपून चहा सुरू झाला की जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक मराठी बोलणारे असतात. कुणी नोकरीसाठी वास्को-मडगावला आलेले, कुणी लग्नाने लूथरन घरात आलेले, कुणी मित्रासोबत सहज डोकावलेले. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न आम्हाला जवळचे आहेत.

गोव्यात लूथरन लोक आहेत तरी कोण?

गोव्यात ख्रिस्ती म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र इगर्ज येते, गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त येतं. साहजिकच आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यातले सुमारे २५ टक्के लोक ख्रिस्ती होते आणि त्यांतले बहुतेक सगळे रोमन कॅथलिक. लूथरन, म्हणजे मार्टिन लूथर यांची शिकवण मानणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, इथे मूठभर, आणि तेही पोटापाण्यासाठी आलेले. वास्कोला नौदलात, बंदरात, शिपयार्डात काम करणारी आंध्र-तमिळनाडूची कुटुंबं. वेर्ण्याच्या कारखान्यांत, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि कुटबणच्या ट्रॉलरवर राबणारे झारखंड-ओडिशाचे तरुण. त्यांच्यात आम्ही काही मराठी घरं. कुणाचं माहेर मिरजेकडचं, कुणाचं नगरकडचं. बदली झाली किंवा लग्न झालं आणि इथलेच झालो.

या लोकांचा विश्वास कालपरवाचा नाही. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले त्सीगेनबाल्ग आणि प्लुचाव हे दोन जर्मन तरुण ९ जुलै १७०६ रोजी तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला उतरले. तिथेच १७३३ मध्ये आरोन या तमिळ माणसाला पाळकपदाची (आमच्या धर्मगुरूला पाळक म्हणतात) दीक्षा मिळाली. अमेरिकेतून निघालेले मिशनरी हायर १८४२ मध्ये गुंटूरला पोचले. बर्लिनच्या गोस्नर यांनी पाठवलेले चौघे १८४५ मध्ये रांचीला आले आणि पुढच्या काही वर्षांत उरांव, मुंडा, खडिया या आदिवासी घरांतून मंडळी उभी राहिली. म्हणून एक विनंती आहे. झारखंडातल्या सिमडेग्याच्या एखाद्या मुलाला ‘तुम्ही कधी बाटलात?’ असं विचारू नका. त्याच्या पणजोबांच्याही आधीपासून त्याच्या घरात बायबल वाचलं जातंय.

कॅथलिकांपेक्षा तुमचं वेगळं काय?

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन लूथर या जर्मन धर्मगुरूने विटेनबर्ग इथे ९५ मुद्दे मांडले. पैसे घेऊन क्षमापत्रं विकण्यावर त्यांचा रोख होता. त्यामागचा विचार मात्र मोठा होता: माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो पुण्याच्या हिशेबाने ठरत नाही, देवाच्या कृपेने आणि विश्वासाने ठरतो. बाकीचे फरक त्यातून आले. आम्ही बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच संस्कार मानतो. प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षारस दोन्ही सगळ्यांना मिळतात. पाळक संसारी असू शकतो. संतांचा आदर आहे, पण त्यांना नवस बोलत नाहीत.

वेदी, क्रूस, मेणबत्त्या, ठरलेला उपासनाक्रम, नाताळाआधीचा आगमनकाळ, ईस्टरआधीचा उपवासकाळ म्हणजे लेंट, हे सगळं आमच्याकडे टिकलं आहे. म्हणून गोव्याचा कॅथलिक माणूस आमच्या उपासनेत आला तर त्याला बुजायला होत नाही. १९९९ मध्ये त्याच ३१ ऑक्टोबरला ऑग्सबर्गमध्ये लूथरन जागतिक महासंघ आणि व्हॅटिकन यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि नीतिमान ठरण्याच्या मूळ गाभ्यावर आपलं एकमत असल्याचं सांगितलं. ज्या मुद्द्यावरून युरोप दुभंगला, त्यावरचं हे एकमत. नाताळात शेजारच्या कॅथलिक घरातून आमच्याकडे कोन्सोआदचं, म्हणजे नाताळच्या गोडाधोडाचं, ताट येतं, आमच्याकडून करंज्या-अनारसे जातात.

मी हिंदू आहे. नुसतं येऊन बसलो तर चालेल का?

चालेल. कुणी नाव-गाव लिहून घेत नाही, धर्म बदला असं कुणी सांगत नाही. प्रभुभोजन बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं. त्या वेळी जागेवर बसून राहा, किंवा पुढे येऊन हात जोडून उभे राहा. पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील.

उपासना कोणत्या भाषेत होते?

मुख्य धागा हिंदीचा आणि इंग्रजीचा. शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, दर रविवारी वेगळ्या भाषेत वाचला जातो: तेलुगू, तमिळ, सादरी (झारखंडकडची बोली), मराठी. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना मात्र सगळे एकाच वेळी आपापल्या भाषेत म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो गलका वाटतो. दोन-तीन रविवारांत कान सरावतो आणि मग त्या आवाजांतून आपल्या शेजारच्या अक्कांचा तेलुगू ‘आमेन’ वेगळा ओळखू येतो.

लोकांच्या भाषेचा आग्रह लूथर यांच्या कामाच्या मुळाशीच होता. त्यांनी नवा करार १५२२ मध्ये आणि अख्खं बायबल १५३४ मध्ये जर्मनमध्ये आणलं. तरंगंबाडीच्या मिशननेही काही वर्षांत तमिळ नवा करार छापून काढला. गोव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हे नवं वाटू नये. फादर स्टीफन्स या कॅथलिक जेझुइटाचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये इथेच रायतूरला छापलं गेलं. मराठीतून ख्रिस्ताची गोष्ट सांगण्याची परंपरा या मातीत चार शतकांची आहे. म्हणून मराठी पाठ वाचायची पाळी आली की आम्ही आनंदाने उभे राहतो. मराठी येणारं नवीन कुणी आलं तर त्याला ती पाळी लगेच देतो.

‘सेवा’ म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

व्यासपीठावरची कामं सगळ्यांना दिसतात: शास्त्रपाठ, मध्यस्थीची प्रार्थना, गाणं, पेटी वाजवणं, दान गोळा करणं. त्यांची यादी भिंतीवर लागते. मंडळी ज्यांच्यावर उभी आहे ती कामं मात्र त्या यादीत नसतात.

आमच्याकडे स्वतःची इमारत नाही, भाड्याचा हॉल आहे. शनिवारी तिथे दुसरा कुठला तरी कार्यक्रम झालेला असतो. त्यामुळे रविवारी सकाळी कुणीतरी आधी येऊन झाडतं, खुर्च्या लावतं, टेबलावर पांढरं कापड घालून त्याची वेदी करतं. चर्चच्या ऋतूप्रमाणे त्यावरची पट्टी बदलते. लेंटमध्ये जांभळी, पुनरुत्थानाच्या दिवशी पांढरी, पेंतेकोस्तला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, लाल. ही कापडं एका मावशींच्या घरी असतात. पावसाळ्यात त्यांना बुरशी येऊ नये म्हणून त्या मधून मधून ती काढून वाऱ्यावर टाकतात, इस्त्री करतात. हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नाही.

पुढची सेवा हॉलच्या बाहेरची. गोव्यात एकटा राहणारा कामगार आजारी पडला की त्याचं कुणी नसतं. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) भरती झालेल्या मुलाजवळ रात्री कोण बसणार, डॉक्टर काय म्हणाले ते त्याच्या आईला सादरीतून फोनवर कोण सांगणार, डबा कोण नेणार? हे सगळं मंडळीतली माणसं करतात. गोव्यात मराठी माणसाचा इथे मोठा उपयोग होतो. आपल्याला कोंकणी समजते, कचेरीतली मराठी वाचता येते, पंचायतीत कुठे जायचं ते माहीत असतं. आमच्यातले एक निवृत्त काका कित्येक रविवार चहाच्या वेळी एकाच टेबलाशी बसलेले असतात: कुणाचा बँकेचा अर्ज, कुणाचा पीएफचा कागद, कुणाच्या मुलाचा शाळेतला दाखला. त्यांना प्रवचन देता येत नाही आणि गाताही येत नाही. पण मंडळीत नवीन आलेल्या माणसाला सर्वांत आधी त्यांचंच नाव कळतं.

मला विचाराल तर सेवेची खरी कसोटी इथे लागते. समोर कोण बसलंय त्याची अडचण काय आहे, हे आधी बघायचं. आपल्याला काय करायला आवडतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

सेवा केली नाही तर मी कमी दर्जाचा सभासद ठरतो का?

नाही. हे उत्तर नीट वाचा, कारण या एका मुद्द्यावर आमच्या सगळ्या शिकवणीचा भार आहे.

बाहेरच्या जगात आपलेपणा कमवावा लागतो. काम करा, उपयोगी पडा, मग तुम्ही आमचे. मंडळीतही ही सवय सहज शिरते. रविवारी खुर्च्या उचलणाऱ्याचं कौतुक होतं, मागच्या रांगेत गप्प बसणाऱ्याकडे दुर्लक्ष होतं. हळूहळू कौतुक झालेल्या माणसाला वाटायला लागतं की आपण इथे आहोत ते आपल्या कामामुळे. आणि एक दिवस गुडघे दुखतात, नोकरी जाते, मूल आजारी पडतं, हात रिकामे होतात. मग तो यायचाच बंद होतो. असं होताना आम्ही पाहिलं आहे आणि ते फार वाईट असतं.

लूथर यांनी १५२० मध्ये लिहिलं त्याचा आशय असा की ख्रिस्ती माणूस विश्वासाने पूर्ण मोकळा आहे, कुणाचा बांधील नाही. आणि प्रेमाने तो सगळ्यांचा सेवक आहे. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी मोकळेपण, मग सेवा. देवाला आपल्या कामाची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. देवाने आपल्याला स्वीकारलं ते फुकट. त्यामुळे आपली सेवा ही कसली परतफेड उरत नाही, आणि ती मोजून कुणाला खूश करायचं राहत नाही. ती सरळ ज्याला हवी त्याच्याकडे जाऊ शकते.

व्यवहारात याचा अर्थ असा. अंथरुणाला खिळलेल्या आजी मंडळीच्या पूर्ण सभासद आहेत. पाळक त्यांना घरी जाऊन प्रभुभोजन देतात. आजी कुणासाठी काही ‘करू’ शकल्या नाहीत तरी त्यांचं इथलं स्थान तसूभर कमी होत नाही. नव्याने आलेला माणूस वर्षभर नुसता येऊन बसला, तरी त्याला कुणी कामाला जुंपू नये. कार्यकारिणीतल्या माणसांना आम्ही हे वारंवार सांगतो. दमून आलेल्याला बसू द्या.

आणि तरीही हात लावल्याशिवाय घर आपलं वाटत नाही, हेही खरं आहे. बहुतेकांना आपण इथले झाल्याची जाणीव पहिल्यांदा होते ती प्रवचन ऐकताना होत नाही. ती होते कपबशा विसळताना, शेजारचा माणूस गावाकडच्या पावसाविषयी बोलायला लागतो तेव्हा. म्हणून आम्ही काम देतो, पण मागणाऱ्याला. ते काम त्याच्यासाठी असतं.

पाळक नसतील त्या रविवारी उपासना कोण चालवतं?

सभासदच. आमचे पाळक बाहेरून येतात, दर रविवारी त्यांना जमत नाही. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन ते आल्यावर होतं. बाकी उपासना, शास्त्रपाठ, प्रार्थना, लिहून आलेलं प्रवचन वाचणं हे आम्ही पाळीपाळीने करतो. वास्कोच्या दामोदर सप्ताहात भजन खंडू नये म्हणून एकामागून एक पार, म्हणजे भजनी गट, उभा राहतो, तशी आमची ही पाळी.

ही अडचणीतून काढलेली पळवाट नाही. सर्व विश्वासणारे याजक आहेत, देव आणि माणूस यांच्यामध्ये वेगळी वरिष्ठ जात नाही, ही लूथर यांची शिकवण आहे. ती कशी जगली जाते, याचं मला सर्वांत भावणारं उदाहरण झारखंडातल्या छोटानागपूरचं आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन मिशनऱ्यांना हटवलं. मंडळी पोरकी होईल असं वाटत होतं. तिथल्या आदिवासी पाळकांनी आणि साध्या सभासदांनी ती सांभाळली आणि १० जुलै १९१९ रोजी स्वायत्त झाल्याचं जाहीर केलं. आमच्या मंडळीतली झारखंडची मुलं पाळकांवाचून अडत नाहीत, त्यामागे ही परंपरा आहे.

बायकांना काय काय करता येतं?

सगळं. पाठ वाचणं, प्रार्थना चालवणं, कार्यकारिणीत निवडून येणं, हिशेब पाहणं. भारतातल्या अनेक लूथरन चर्चमध्ये स्त्रिया पाळकही आहेत.

सेवेच्या इतिहासात तर बायकांनीच वाट काढली. जर्मनीत कैझरस्वर्थ इथे थिओडोर फ्लीडनर या पाळकाने पत्नी फ्रीडेरिके यांच्यासोबत १८३६ मध्ये डीकनेस भगिनींसाठी, म्हणजे चर्चच्या सेविकांसाठी, संस्था काढली. तिथे तरुणींना रुग्णसेवेचं रीतसर शिक्षण मिळायचं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथेच शिकून गेल्या. आज आमच्या मंडळीतल्या दोघी-तिघी दीदी इस्पितळांत नर्स आहेत. रात्रपाळी करून त्या रविवारी तशाच येतात, आणि प्रार्थनेत डोळा लागला तर कुणी त्यांना हलवत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चहा-नाश्ता ही बायकांचीच पाळी, असं आमच्याकडे नाही. तशी सवय पडू लागली की कुणीतरी ती मोडतं, आणि ती मोडली पाहिजे.

माझी शिफ्ट असते, रविवारी सुटका नाही. मग?

गोव्यात हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाचा आहे. हॉटेलवाल्यांना ऑक्टोबरपासून सीझन संपेपर्यंत रविवार म्हणजे सर्वांत जास्त कामाचा दिवस. ट्रॉलरवरची मुलं समुद्रात असतात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद झाली की बहुतेक जण गावी जातात. म्हणून आठवड्यात एका संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. ती साधारण दिवेलागणीनंतर सुरू होते आणि जेवण करूनच संपते.

पण त्याहून महत्त्वाचं असं की तुमचं रोजचं काम हीच तुमची सेवा आहे, असं लूथरन शिकवण मानते. देवाची सेवा मठात जास्त होते आणि चुलीपाशी कमी, हे लूथर यांना मान्य नव्हतं. १५२२ मध्ये लग्नाविषयी लिहिताना ते म्हणतात की बाप विश्वासाने बाळाची लंगोटी धुतो तेव्हा जग हसलं तरी देव आणि देवदूत आनंदाने हसतात. खोली स्वच्छ करणं, बोटीचं जाळं विणणं, रुग्णाचं अंग पुसणं, कारखान्यात मशीन बघणं, यांतलं प्रत्येक काम कुणा ना कुणा शेजाऱ्यापर्यंत पोचतं. रविवारी आला नाहीत म्हणून तुम्ही सेवेतून सुटलात असं कुणी म्हणत नाही, तुम्हीही मानू नका.

पैसे किती द्यावे लागतात?

ठरावीक असं काही नाही. दानाची पेटी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो, पाहुण्यांनी टाकलंच पाहिजे असं नाही. हॉलचं भाडं, पाळकांचा प्रवास आणि गरजूंना मदत हे मुख्य खर्च. दर तिमाहीला हिशेब वाचून दाखवतात.

हिशेब उघड ठेवण्याची रीत जुनी आहे. जर्मनीतल्या लाइसनिग गावाने १५२३ मध्ये गरिबांसाठी सामाईक पेटी सुरू केली, लूथर यांनी तिच्या नियमांना प्रस्तावना लिहिली. पेटीला चार वेगवेगळी कुलपं, देखरेखीला निवडलेले दहा जण, आणि त्यांत सरदारांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे. एकट्याने पेटी उघडायची सोयच नव्हती. आमच्याकडे बँकेच्या खात्यावर दोन सह्या लागतात, तत्त्व तेच.

मुलांसाठी काय आहे?

संडे स्कूल आहे. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो, आणि मोठी झाल्यावर ती स्वतः समजून विश्वास कबूल करतात. त्याला दृढीकरण म्हणतात. त्यासाठी लूथर यांची १५२९ ची लहान प्रश्नोत्तरी शिकवतात. गावोगावच्या मंडळ्या पाहताना लोकांना दहा आज्ञासुद्धा माहीत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं, त्यातून ती तयार झाली. घरात आईबापांनी मुलांकडून करून घ्यावी अशी ती आहे. आमच्या मुलांना पाठांतराचा कंटाळा येतो, पण ‘याचा अर्थ काय?’ हा तिच्यातला पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न त्यांना आवडतो. मग ती तो आम्हालाच विचारत सुटतात.

लग्न आणि अंत्यविधी?

लग्न चर्चच्या विधीने होतं, पण गोव्याच्या कायद्याप्रमाणे आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडची नोंदणी पूर्ण करा आणि कागद पाळकांना दाखवा. दफनाची जागा हा लहान मंडळीला अवघड जाणारा विषय आहे. घरात कुणी वृद्ध असेल तर वेळ येण्याआधीच पाळकांशी बोलून ठेवा. बोलायला जड जातं, तरी बोला. मृत्यूच्या घरी पहिले काही दिवस चूल पेटवावी लागत नाही, जेवण मंडळीतून येतं. गावी प्रेत न्यायचं असेल तर कागदपत्रांसाठी सोबत माणूस जातो.

सगळे आपापल्या भाषेत बोलत बसतात. मराठी माणूस परका पडतो का?

सुरुवातीला हो, पडतो. चहाच्या वेळी तेलुगू एका कोपऱ्यात, झारखंडचे दुसऱ्या कोपऱ्यात. आठवडाभर परक्या भाषेत राबलेल्या माणसाला अर्धा तास ती मायबोली हवी असते, त्याचा राग धरू नये. तुम्ही जाऊन त्यांच्यात उभे राहिलात की हिंदी सुरू होते. सणाचं जेवण हा सोपा रस्ता आहे. धुस्का, पुळिहोरा आणि आपली पुरणपोळी एका पंगतीत येतात, आणि कृती विचारता विचारता ओळख होते.

मंडळीत भांडणं होतात का?

होतात. भाषेवरून, पैशांवरून, कुणाला पुढे बोलावलं यावरून. प्रत्येक उपासनेच्या सुरुवातीला आम्ही सगळे मिळून पापांची कबुली देतो आणि क्षमेचं वचन ऐकतो. तो क्रम भांडलेल्या दोघांनाही एकाच वेळी म्हणावा लागतो. लगेच मिटतं असं नाही. पण माणसं येत राहतात.

मला गाता येत नाही, बोलायला संकोच वाटतो. सुरुवात कुठून करू?

गाता येत नसेल तरी गा. लूथरन उपासनेत गाणं गायकवृंदावर सोपवत नाहीत, सगळी मंडळी गाते. लाइपझिगच्या चर्चचं संगीत १७२३ पासून सांभाळणारे बाख आपल्या कित्येक रचनांच्या शेवटी, हे केवळ देवाच्या गौरवासाठी, अशा अर्थाची अक्षरं लिहीत. त्यांच्यासाठी गाणाऱ्यांत शाळकरी मुलं होती. बेसूर आवाजाला आमच्याकडे कुणी वळून बघत नाही, आणि ना. वा. टिळकांची मराठी गीतं लागली की तुमचा आवाज लागतोच, कारण ती येणारे आम्ही थोडे आहोत.

संकोच असेल तर थोडं लवकर या. तेव्हा हॉलमध्ये तिघेचौघेच असतात. टेबल सरकवायला एक बाजू धरा, नाव सांगा, त्यांचं विचारा. उपासनेनंतर चहाला थांबा. पुढच्या वेळी काय हवं ते तुम्ही ठरवा: पाठ वाचायचा, खुर्च्या लावायच्या, की नुसतं बसायचं. पावसाळ्यात येत असाल तर मागच्या दाराने या. पुढच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि छत्र्या ठेवायची बादलीही मागेच असते.